वाचनालयाच्या दाराची दोरी



१५ ऑक्टोबर २०२० पासून महाराष्ट्रातली ग्रंथालयं पुन्हा उघडायला सरकारने परवानगी दिली. मार्चपासून ती बंद होती. त्याच्या दहा दिवस आधी, ५ ऑक्टोबरला, हॉटेलं आणि बार निम्म्या क्षमतेने सुरू झाले होते आणि महिन्याभराने, १६ नोव्हेंबरला, देवळं उघडली. आधी बार, मग वाचनालय, मग देऊळ. या क्रमावर तेव्हा पुष्कळ विनोद झाले. दारूतून महसूल मिळतो, देवळासाठी आंदोलनं होतात. वाचनालयासाठी ग्रंथालयांच्या संघटना आणि थोडे वाचक बोलत होते, पण त्यांचा आवाज तो कितीसा!

पुढे एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत दारं पुन्हा बंद झाली, जूनपासून टप्प्याटप्प्याने किलकिली झाली, आणि १ एप्रिल २०२२ ला राज्यातले सगळेच निर्बंध उठले. मास्कसुद्धा ऐच्छिक झाला. हे सगळं आता जुनं झालं, मग आज अग्रलेखात कशाला, असं तुम्हाला वाटेल. कारण असं की गेल्या काही महिन्यांत आमच्या गटातल्या मैत्रिणी सोलापुरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या लहानमोठ्या वाचनालयांत जाऊन आल्या, आणि प्रत्येकीने येऊन जे सांगितलं त्यात एक गोष्ट सारखी होती. हात धुवायचं पाणी गेलं, तापमान मोजायची बंदूक गेली, जमिनीवरची पांढरी वर्तुळं पुसली गेली. पण त्या काळात बायकांच्या वाटेत जे आडवं आलं होतं, ते पुष्कळ ठिकाणी अजून तसंच आहे. एका ठिकाणी तर देवघेवीच्या टेबलासमोर २०२० मध्ये बांधलेली नायलॉनची दोरीसुद्धा तशीच आहे. कुठल्याही वाचनालयाचं नाव आम्ही इथे घेत नाही. भांडण कोणा एका कार्यवाहाशी किंवा ग्रंथपालाशी नाही.

तेव्हाचं वाचनालय आठवून पाहा. दारात शिपाई, हातावर सॅनिटायझर, कपाळाजवळ ती बंदूक. मग नोंदवही: नाव, पत्ता, मोबाइल नंबर, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. आत बसायला मनाई, वर्तमानपत्रांची टेबलं भिंतीशी सरकवलेली, बाकं एकावर एक रचलेली. कपाटांकडे जायचं नाही. दोरीच्या अलीकडे उभं राहून पुस्तकाचं नाव सांगायचं, आतला माणूस ते काढून देणार. परत केलेलं पुस्तक वेगळ्या खोक्यात, तीन दिवस त्याला कोणी शिवायचं नाही. साथ होती, माणसं मरत होती. सोलापूर शहरात पहिला रुग्ण एप्रिल २०२० मध्ये सापडला आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत इथलं मृत्यूंचं प्रमाण ऐकून राज्यभर चिंता व्यक्त होत होती. जुलैमध्ये शहर पुन्हा दहा दिवस कडेकोट बंद करावं लागलं. काळजी घेऊ नका, असं त्या वेळी कोणी शहाणं माणूस म्हणालं नसतं, आम्हीही म्हणालो नाही.

पण काळजीचे नियम करताना डोळ्यांसमोर कोणता वाचक होता, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

ती नोंदवहीच घ्या. टेबलावर उघडी पडलेली वही, त्यात ओळीने बायका-मुलींची नावं आणि मोबाइल नंबर. मागून येणारा कोणीही सही करता करता वरच्या चार ओळी वाचू शकतो. नंतर कोणी बाधित निघालं तर बाकीच्यांना कळवता यावं, हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण अशी वही बायकांच्या दृष्टीने काय असते, हे कोणत्याही कॉलेजमधल्या मुलीला विचारा. रात्री साडेदहाला अनोळखी नंबरवरून फोन येतो, 'ओळखलंत का?' अशी सुरुवात होते. मुलगी घरी सांगत नाही, कारण सांगितलं तर बंद होणार तिचं वाचनालय, फोन करणाऱ्याचं काहीच बिघडणार नाही. काही मुलींनी शेवटचे दोन आकडे चुकवून लिहायला सुरुवात केली. साथीच्या नोंदवहीत खोटा नंबर! म्हणजे जिच्यासाठी वही ठेवली ते कामही वहीने केलं नाही. प्रत्येकीला वेगळी चिठ्ठी देऊन ती बंद पेटीत टाकायला सांगितलं असतं तरी पुरलं असतं. खर्च शून्य. आज साथ नाही, तरी काही ठिकाणी नंबर लिहिण्याची ती वही चालू आहे. 'पद्धत पडली आहे' हे उत्तर.

मग ती दोरी. पुस्तकाचं नाव सांगा, आम्ही काढून देतो. ज्याला नाव माहीत आहे त्याची यात फारशी अडचण होत नाही. पण वाचनालयात पहिल्यांदा आलेल्या बाईला नाव माहीत नसतं. ती कपाटापाशी जाते, पुस्तक काढते, मागचं पान वाचते, अक्षर मोठं आहे का बघते, परत ठेवते, दुसरं काढते. तिचं वाचन असंच सुरू होतं. विशीतल्या किंवा चाळिशीतल्या, शाळा सातवीत सुटलेल्या बाईला 'कोणतं पुस्तक हवं?' असं पुरुषांच्या रांगेत विचारणं म्हणजे तिची परीक्षा घेणं. ती म्हणते, 'द्या कुठलंही.' मग तिला काय मिळतं, ते तुम्हाला ठाऊक आहे: स्वयंपाकाचं, व्रतांचं किंवा समोर जे पडलेलं असेल ते.

आणि जिला नाव माहीत आहे तिचंही ऐका. घटस्फोटाचा कायदा, पोटगी, पाळीचे आजार, शरीरसंबंध, मूल नको असेल तर काय करावं, या विषयांवरची पुस्तकं बायका कपाटाशी उभ्या राहून वाचतात. पुष्कळदा घरी नेतही नाहीत. तिथेच दहा पानं वाचतात आणि जातात. ते नाव मोठ्याने, मास्कमधून दोनदा, 'काय म्हणालात?' असं विचारल्यावर तिसऱ्यांदा, मागे शेजारच्या गल्लीतले काका उभे असताना कोण उच्चारणार? आमच्या एका मैत्रिणीने घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याची पुस्तिका मागितली, तेव्हा आतल्या गृहस्थांनी चष्मा वर करून विचारलं, 'कोणासाठी पाहिजे?' चौकशी साधीच असेल. पण कपाट असे प्रश्न विचारत नाही.

विज्ञानाचीही साक्ष काढू. पुस्तकांवर विषाणू किती काळ टिकतो याच्या चाचण्या अमेरिकेतल्या ग्रंथालय संस्थांनी २०२० मध्ये प्रयोगशाळेत करून घेतल्या. सुट्या ठेवलेल्या पुस्तकांवर तीन दिवसांनी तो सापडला नाही, एकावर एक रचलेल्यांवर मात्र सहा दिवसांनंतरही सापडला. पुढे एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने जाहीर केलं की वस्तूंना हात लावून लागण होण्याचा धोका फारच कमी आहे. रोग पसरतो तो मुख्यत्वे कोंदट खोलीतल्या हवेतून. म्हणजे कपाटाला दोरी बांधण्यापेक्षा खिडक्या उघडायला हव्या होत्या. सुरुवातीला हे माहीत नव्हतं, म्हणून दोरी बांधली, ठीक. कळल्यावर का सोडली नाही? कारण दोरीची एक सोय असते. पुस्तकं जागच्या जागी राहतात, हरवत नाहीत, कोणाकडे लक्ष ठेवावं लागत नाही. वाचक नसला की वाचनालय फार नीटनेटकं राहतं.

तिसरा नियम आपल्याला सगळ्यात जवळचा. पासष्ट वर्षांवरच्या व्यक्ती, जुने आजार असलेले, गर्भवती स्त्रिया आणि दहा वर्षांखालची मुलं यांनी घरातच थांबावं, अशी सूचना केंद्राच्या आणि राज्याच्या प्रत्येक आदेशात असायची. वैद्यकीय दृष्टीने त्यात अर्थ होता. पण ही यादी बाईच्या नजरेने वाचा. मूल घरी थांबणार म्हणजे त्याच्याजवळ कोण थांबणार? सासू घरी थांबणार म्हणजे तिचं औषधपाणी, जेवणखाण, दिवसभराची मर्जी कोण सांभाळणार? कागदावर तिचं नाव फक्त गर्भवती असताना येतं. प्रत्यक्षात त्या यादीतल्या प्रत्येकाबरोबर ती घरात अडकते. कडेवर मूल घेऊन ती वाचनालयाच्या दारात आली तर मुलाला आत सोडत नव्हते. ते मूल कुठे ठेवायचं, पायरीवर? 'लहान मुलांना आणू नये' अशी पाटी मैत्रिणींना याच वर्षी दोन ठिकाणी दिसली. एका ठिकाणी तर ती 'बाल विभाग' या जुन्या पाटीच्या शेजारीच टांगलेली होती.

पुष्कळ जुन्या वाचनालयांत 'महिला विभाग' अशी पाटी असते. त्या विभागाची थट्टा आपणही केली आहे: कोपऱ्यातलं एक टेबल, त्यावर गेल्या वर्षीचे दिवाळी अंक आणि विणकामाची पुस्तकं. पण त्या टेबलाशी बाईला तासभर कोणी 'काय काम आहे?' न विचारता बसता येत होतं. शहरात अशा जागा किती आहेत, मोजून पाहा. देऊळ आहे, पण तिथे बसलेली बाई कोणाच्या तरी भल्यासाठी आलेली असावी, असं गृहीत असतं. दवाखान्यात बसायचं तर आजारी असावं लागतं, बाजारात बसायचं तर काही विकावं लागतं. पार्क चौकातल्या चहाच्या टपरीवर पुरुष दोन तास उभा राहू शकतो, बाई नाही. 'पुस्तक बदलून येते' हे घराबाहेर पडायचं एक निरुपद्रवी, कोणाला न खुपणारं कारण होतं. पुस्तक बदलायला दहा मिनिटं लागतात, बाकीचा पाऊण तास तिचा स्वतःचा असायचा. टाळेबंदीने तो पाऊण तास काढून घेतला. तो परत द्यायला हवा, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. कारण तो तिच्याकडे होता, हेच कोणाला माहीत नव्हतं.

त्या पाऊण तासाची किंमत किती, हे आकड्यांतूनही दिसतं. २३ मार्च ते १ एप्रिल २०२० या दहा दिवसांत राष्ट्रीय महिला आयोगाकडे २५७ तक्रारी आल्या. त्याआधी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, ११६ होत्या. घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी ३० वरून ६९ वर गेल्या. आणि या फक्त त्यांच्या, ज्यांच्या हाताशी फोन किंवा इंटरनेट होतं आणि मारणारा शेजारी बसलेला असताना ते वापरायची संधी होती. चार भिंतींबाहेर जाण्याचं प्रत्येक साधं कारण बंद झालं, तेव्हा सोडवणुकीच्या वाटाही बंद झाल्या. हळदीकुंकू, भिशी, नळावरची रांग, वाचनालय. यांतल्या कशालाच आपण 'स्त्री-मुक्तीचं साधन' म्हटलं नसतं.

'पुस्तकं आता मोबाइलवर मिळतात, वाचनालय हवं कशाला?' असं हल्ली शिकलेली माणसं सहज विचारतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या पुरुषांपैकी ५७ टक्क्यांनी कधी तरी इंटरनेट वापरलं होतं, बायकांपैकी ३३ टक्क्यांनी. 'कधी तरी', रोज नाही. घरात एकच चांगला फोन असला तर तो आधी नवऱ्याचा, मग मुलाच्या ऑनलाइन शाळेचा, मग मुलीच्या, आणि बाईचा रात्री साडेअकराला, चार्जिंग संपत आल्यावर. शिवाय त्या फोनवर ती काय वाचते, ते सगळ्या घराला दिसतं.

सोलापुरात हा प्रश्न आणखी टोकाचा होतो. हे विडी वळणाऱ्या बायकांचं शहर आहे. हजारो बायका घरी बसून विड्या वळतात, आणि त्यांतल्या पुष्कळजणींची घरची भाषा तेलुगू. कोणाची कन्नड, कोणाची उर्दू. टाळेबंदीत कारखाने बंद झाले, पान-तंबाखू मिळेना, आठवड्याचा पगार थांबला. अशा वेळी वाचनालयाचं काय घेऊन बसलात, असं आम्हालाही विचारलं गेलं. पण विडी कामगार बाईच्या वाचनालयाच्या वाटेत दोरी कोरोनाने बांधलेलीच नाही. ती आधीपासून आहे. वाचनालयाच्या वेळा नोकरदार पुरुषाच्या: सकाळी दोन-तीन तास, संध्याकाळी दोन-तीन तास. सकाळी ती पान कापत असते, संध्याकाळी स्वयंपाकात. दुपारी जरा हात मोकळा असतो, तेव्हा दाराला कुलूप. शहराबाहेर कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. बायकांनी लढून मिळवलेली ती घरं आहेत आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण तिथून गावातल्या वाचनालयापर्यंत यायला ज्या शहर बसने यायचं तिचा भरवसा कोरोनाच्या आधीही नव्हता. एवढं करून आलीच, तर तिच्या भाषेतलं पुस्तक किती वाचनालयांत सापडेल? चार भाषांचं शहर म्हणून आपण सोलापूरचं कौतुक करतो, पण कपाटं बहुतेक एकाच भाषेत बोलतात.

मुलींच्या अभ्यासिकांचा विषय निघाला नाही तर हे टिपण अपुरं राहील. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं टाळेबंदीत गच्चीवर, मित्राच्या खोलीवर, शेतातल्या घरी जाऊन बसली. मुलगी कुठे जाणार? अभ्यासिका म्हणजे घरातल्या कामापासून सुटका होती. २०२० ची राज्यसेवा पूर्व परीक्षा एप्रिल २०२० पासून पुढे ढकलत ढकलत शेवटी २१ मार्च २०२१ ला झाली. परीक्षेची तारीख एक वर्ष पुढे गेली, पण मुलीच्या लग्नाची तारीख कोणी पुढे ढकलत नाही. उलट पन्नास माणसांत, कमी खर्चात उरकतंय म्हणून ती अलीकडे ओढली गेली. त्या काळात बालविवाह रोखल्याच्या बातम्यांत सोलापूर जिल्ह्याचं नाव वारंवार येत होतं. जे रोखले गेले ते मोजले गेले.

हे सगळं नवं नाही, हेही लक्षात असू द्या. मार्च २०२० मध्ये राज्य सरकारने ज्या कायद्याचा आधार घेतला तो साथरोग कायदा १८९७ चा, प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला. त्याच वर्षी, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. आणि त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या सरकारी दवाखान्यात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. एकीने साथीत माणसांना खांद्यावर उचललं, दुसरीने साथीच्या नावाखाली बायकांचं काय होतं, ते सरकारला सुनावलं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. 'आत्ता साथ आहे, बायकांचे प्रश्न नंतर' असं जेव्हा आपल्याला सांगतात, तेव्हा हे १८९७ साल आठवावं.

आता दोरीच्या पलीकडे बसलेल्या बाईबद्दल. लहान वाचनालयांत ती पुष्कळदा बाईच असते, आणि तिची बाजू आपण मांडली नाही तर आपण तिच्यावर अन्याय करू. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्याखाली अनुदान घेणारी अकरा-बारा हजार ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली. कर्नाटक, केरळ, तामिळनाडूत ग्रंथालयासाठी वेगळा उपकर आहे. आपल्याकडे नाही, आपली वाचनालयं अनुदान, वर्गणी आणि देणग्यांवर चालतात. २०२० साली 'ड' वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला ३० हजार रुपये मिळत. त्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, जागा आणि तिचा पगार. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने योजनांवरचा खर्च ३३ टक्क्यांवर आणला, आणि ग्रंथालयांचं अनुदानही रखडत, तुकड्यातुकड्याने आलं. वाचनालय बंद म्हणून वर्गणी नाही, अनुदान अर्धवट, आणि उघडल्यावर सॅनिटायझर, मास्क, फवारणी, टेबलं पुसणं हे सगळं तिच्याच अंगावर. २०२२ च्या अखेरीस सरकारने अनुदान ६० टक्क्यांनी वाढवायचा निर्णय घेतला. म्हणजे ३० चे ४८ हजार झाले. महिन्याला चार हजार, आणि त्यातूनच सगळं! तिने दुपारीही वाचनालय उघडं ठेवावं असं आपण म्हणणार असू, तर तिच्या पगाराची मागणी आधी आपल्याच निवेदनात असली पाहिजे. व्यंकप्पा पत्की समितीने ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या वेतनाबद्दल शिफारशी केल्या त्याला बरीच वर्षं लोटली. कर्मचाऱ्यांच्या संघटना अजून तेच मागत आहेत. त्यांच्या मोर्चात आपण किती वेळा गेलो?

निवेदनात काय असावं यावर मागच्या बैठकीत बराच वाद झाला. काहीजणींचं म्हणणं, बायकांसाठी वेगळी वेळ मागावी. दुपारी दोन ते चार फक्त बायका-मुलं. काहीजणींना ते पटलं नाही. वेगळी वेळ म्हणजे बाकीच्या वेळी 'तुमची वेळ दोन ते चार, आत्ता कशाला आलात?' असं ऐकून घ्यायची तयारी. आमचं मत दुसऱ्या बाजूला झुकतं: वाचनालय दुपारी सगळ्यांसाठीच उघडं असावं, ज्यांना दुपार सोयीची त्या आपोआप येतील. पण यावर एकमत झालेलं नाही. ज्या मुलींना गर्दीत धक्के खावे लागतात त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. बाकीच्या गोष्टींवर मात्र सगळ्या एका आवाजात बोलल्या. दोरी सोडावी आणि कपाटं मोकळी करावीत. नंबरांची उघडी वही बंद करावी. कडेवरच्या मुलासकट बाईला आत येऊ द्यावं. तेलुगू, कन्नड, उर्दू पुस्तकांसाठी खरेदीत ठरावीक वाटा असावा. आणि संडास. हो, संडास! पाऊण तास बसायचं म्हटलं की पहिला प्रश्न तोच असतो. कोरोनात 'वापरास बंद' म्हणून लावलेलं कुलूप एका ठिकाणी अजून आहे. किल्ली कोणाकडे, हे तिथे कोणालाच सांगता आलं नाही.

प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या एका तरी वाचनालयात येत्या महिन्यात जावं, शक्यतो दोघी-तिघींनी आणि दुपारच्या वेळी. बंद असेल तर दारावरची वेळ लिहून घ्या. उघडं असेल तर कपाटाला हात लावून बघा आणि कोणी अडवलं तर कोणत्या नियमाखाली अडवलं, तो नियम लेखी मागा. महिला विभागाचं टेबल कुठे आहे, त्यावर काय आहे, वर्गणी आणि अनामत किती, कार्यकारी मंडळात बाई आहे का, तिथे काम करणाऱ्या बाईला महिन्याला किती मिळतं, हे तिच्याशी बसून, तिची अडचण होणार नाही अशा बेताने विचारा. सभासद व्हा, कारण सर्वसाधारण सभेत बोलायचा आणि मत द्यायचा हक्क सभासदालाच असतो, आणि त्या सभेला बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा माणसंही जमत नाहीत. पाच बायका गेल्या तरी मोठा फरक पडेल. माहिती साध्या कागदावर लिहून पुढच्या अंकाच्या आत पाठवा. वाचनालयाचं नाव छापायचं की नाही ते तुम्हीच ठरवा, तिथे काम करणाऱ्या बाईचं मात्र छापणार नाही.